खोबणीतलं पाणी

४ फेब्रुवारी

ताईस,

वाकून नमस्कार. म्हणजे कंबर परवानगी देते तेवढं वाकून, उरलेलं मनाने.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो, नाहीतर पुढच्या पत्रात तू पकडशीलच. फोन करणार होतो, पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. मी इकडून ओरडतो, तू तिकडून "कोण? कोण?" करतेस आणि "बरं बरं, जेव वेळेवर" म्हणून ठेवून देतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडे सगळं ठीक. हिचे गुडघे दुखतात, माझी कंबर दुखते, दोघं मिळून एक धड माणूस होतो. लिफ्ट बंद पडल्यामुळे दूध आणायला खाली कोणी जायचं यावर रोज सकाळी आमची परिषद भरते. ही तुला नमस्कार सांगते आणि विचारते, हातांची खाज कशी आहे? तू लिहिलंयस "बरी आहे". तू असं लिहिलंस की मला जास्तच घोर लागतो. भावोजी गेले त्या आठवड्यातही तू "बरी आहे" असंच लिहिलं होतंस.

सोन्याची बातमी वाचून फार आनंद झाला. गावातल्याच शाळेत नोकरी, तीही आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! मुलगा परत येणार, सून येणार, चिमी येणार. तू म्हणे वरची खोली रंगवून घेतलीस, खिडकीला जाळी बसवलीस, आणि भावोजींच्या टेबलाचे पाय कापून चिमीसाठी बुटकं टेबल करून घेतलंस. अगं, त्यांना शाळेला होकार तरी कळवू दे! महिनाअखेरपर्यंत वेळ आहे ना? त्या टेबलाने तुझं काय घोडं मारलं होतं?

आता तुला हवं असलेलं पत्र. सूनबाई म्हणते त्यात चूक काहीच नाही. मागच्या खेपेला चिमीच्या अंगावर ते लाल चट्टे उठले, ते बघून कुठलीही आई हेच म्हणाली असती: नदी सुधारली तरच येऊ, आणि मामांनी तसं सांगितलं तरच खरं मानू. आपली विहीर नदीला लागून, नदीत जे आहे तेच विहिरीत. पुलाजवळ कारखान्याने लावलेल्या फलकावर आता "वचन पूर्ण" अशी हिरवी पट्टी लागलीय, ती तू स्वतः जाऊन बघून आलीस. तेव्हा मी सोन्याला दोन ओळी लिहून टाकाव्यात की काम झालं, या बिनधास्त. बरोबर आहे तुझं. कारखाना गेल्या वर्षाअखेरपर्यंत नदी पोहण्याजोगी करणार म्हणजे करणार, असं तुझ्या अंगणात उभं राहून अख्ख्या गल्लीला मीच सांगितलं होतं. कंपनीच्या पर्यावरण विभागात आपला माणूस बसलाय म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात तू.

लिहितो. जरा वार्षिक अहवाल छापून येऊ दे. तो अजून छापखान्यात आहे. फोटोत मोठ्या साहेबांचं पोट फार दिसतं म्हणून अडलाय. खोटं नाही सांगत, दोनदा फोटो बदलून झाला.

तू विचारलंस, इतकी वर्षं होत नव्हतं ते यंदा एकदम कसं जमलं? काय सांगू. आमच्याकडे टार्गेट हुकणं ही नवलाची गोष्ट नाही. हुकल्यावर काय करायचं याचा आम्हाला एवढा सराव आहे, की ते खरंच गाठलं असतं तर आमची पंचाईत झाली असती. एका वर्षी आम्ही झाडं लावली. झाडांचा आणि कागद कारखान्याच्या घाण पाण्याचा काय संबंध, असं विचारायचं नसतं. पुढच्या वर्षी कंपनीच्या चिन्हात एक हिरवं पान घातलं. ते पान कुठल्या बाजूला झुकलेलं असावं यावर जेवढ्या बैठका झाल्या, तेवढ्या वेळात नदीकाठी खरी बाग उभी राहिली असती. मग "नदी स्वच्छ करू" याच्या जागी "स्वच्छ करण्यास कटिबद्ध आहोत" असं आलं. ते मीच सुचवलं होतं. त्याबद्दल मला पेन मिळालं. हे पत्र त्याच पेनाने लिहितोय, शाई गळते.

आणि सांडपाण्याची दुसरी टाकी? जी बांधली असती तर हा सगळा खटाटोपच करावा लागला नसता? तिचा खड्डा तू बघितलायसच. दर वर्षी ती टाकी अहवालात बांधली जाते आणि खर्चाच्या बैठकीत पाडली जाते. खड्ड्यात पाणी साचून बेडूक मात्र सुखात आहेत.

हां, आमच्या कंपनीचा बाटलीवाला चहाला येईनासा झाला म्हणतेस. दर महिन्याला आपल्या नदीकाठच्या पायरीवर बसून तपासणीसाठी पाण्याची बाटली भरायची, तुझ्या हातचा चहा प्यायचा आणि स्वतःच्या जावयाच्या नावाने बोटं मोडायची, हा त्याचा नेम. आजारी असेल. नाहीतर पाळी बदलली असेल. विचारून बघतो.

हातांना ते मलम लाव. डबीत ठेवून गुण येत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
टिल्लू


१७ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. "टिल्लू, तुला पत्र लिहायला सांगितलं होतं, निबंध नव्हे." तुझं हे वाक्य हिला वाचून दाखवलं. ती एवढी हसली की गुडघे विसरली.

पण पुढचं वाचून दाखवलं नाही.

तू लिहितेस, बाटलीवाला आजारी नाही, ठणठणीत आहे. पलीकडच्या काठाला मोठ्या दगडाखाली होडीतून ओणवा होऊन बाटली भरताना तू त्याला पाहिलंस. हाक मारलीस तर त्याने मान वर केली नाही. आणि आपल्या पायरीवरचं पाणी आहे तसंच आहे, सकाळी फेस, दुपारी वास. तुझे प्रश्न दोन. तिथे तो काय करतोय? आणि त्या दगडाखाली आपली खोबण आहे हे त्याला कोणी सांगितलं?

पहिल्याचं उत्तर देतो. ताई, यंदाही हुकलं. नेहमीसारखं थोडक्यात नव्हे, चांगलं सपाटून हुकलं. पायरीवरच्या बाटलीतले आकडे मागच्या वर्षीपेक्षा वाईट आले, कारण कागदाला मागणी वाढली आणि कारखाना रात्रंदिवस चालला. या वेळी पान आणि झाडं पुरणार नव्हती. फलकावर वर्ष घातलेलं, पोहणाऱ्या पोराचं चित्र काढलेलं. बाहेरचे लोक विचारायला लागले.

मग काचेच्या खोलीत बैठक झाली. एक साहेब म्हणाले, मुदत पुढे ढकलू. त्यांनी सुचवलेलं वर्ष असं होतं की तेव्हा त्या खोलीतला एकही माणूस नोकरीत नसेल, निम्मे तर जगातही नसतील. सगळ्यांना ते एकदम पटलं. पण मोठे साहेब म्हणाले, नाही, यंदा मला पूर्ण झालेलं हवंय. तेव्हा सल्लागार बाईंनी भिंतीवर नदीचा नकाशा लावला. आपल्या पायरीशी लाल ठिपका होता, नमुना तिथून घेतात तो. बाई म्हणाल्या, एका घराच्या धुण्याच्या पायरीवरून अख्ख्या नदीची परीक्षा घेणं कितपत योग्य आहे? आणि ठिपका उचलून पलीकडच्या काठाला लावला. बस. एवढंच झालं. नदी जिथल्या तिथे राहिली आणि ठिपका गेला. गेले काही महिने बाटलीवाला दोन्हीकडून भरत होता, ते याच तयारीसाठी. आता पायरीवरची बंद झालीय.

मी काय करणार होतो? त्या खोलीत माझी खुर्ची दाराजवळ असते. सगळे माना डोलावत होते. मीही डोलावली. आमच्या विभागात नवी मुलं आलीत, ती मला "काका" म्हणतात आणि संगणकावरचं सगळं माझ्याआधी उरकतात. निवृत्तीला आलेल्या माणसाने आवाज चढवला तर लोक त्याला पाणी आणून देतात, गं. दुसरं काही होत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणशील तर हल्ली नकाशे फार बारीक असतात. दगड, कपारी, झरे, सगळं दिसतं. त्यांना दिसलं असेल.

सोन्याला अजून लिहिलेलं नाही. त्याचा परवा फोन येऊन गेला. "मामा, तू नुसतं हो म्हण, मी उद्या होकार कळवतो." मागून चिमी काहीतरी गात होती. मी म्हटलं, लिहून कळवतो. इकडे ऑफिसातून बोलता येत नाही, असंही म्हटलं. मी घरून बोलत होतो.

तुझा धाकटा भाऊ,
टिल्लू


२६ फेब्रुवारी

ताई,

आज कंबर आणि गुडघ्यांचं राहू दे.

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "खोबण कुठल्याही नकाशात नाही." खाली सहीसुद्धा नाही. हिने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तब्येत बरी आहे म्हणते.

नाही, नकाशात नाही. मी सांगितलं.

उन्हाळ्यात सल्लागार बाई नदी बघायला आल्या तेव्हा त्यांना फिरवायला मला पाठवलं होतं. मी तुझ्याकडे आलो नाही, वेळ नव्हता असं नंतर कळवलं होतं. वेळ होता. होडीत बसल्यावर बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही इथलेच ना? लहानपणी पोहायचात कुठे?" ताई, इतक्या वर्षांत कंपनीत कोणी मला असं काही विचारलेलं नाही. अहवाल कधी देताय, याच्यापलीकडे माझ्याकडे कोणाचं काम नसतं. मी एकदम खुललो. वाहवतच गेलो म्हण ना. तू माझ्या कमरेला कपडे वाळत घालायची दोरी बांधून मला कसं पाण्यात सोडायचीस ते सांगितलं. कलिंगड खोबणीत दडवून ठेवायचो आणि संध्याकाळी दात शिवशिवतील एवढं गार करून खायचो, ते सांगितलं. वरून कारखान्याचा फेस वाहत असायचा, पण दगडाखालचा झरा त्याला आत येऊ द्यायचा नाही, हेही सांगितलं. आणि नुसतं सांगून भागलं नाही. होडी तिकडे घ्यायला लावली, ओणवा झालो आणि ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. "बघा! काचेसारखं!" शाळेत पहिला आल्यासारखा चेहरा झाला असणार माझा.

बाईंनी काही लिहून घेतलं नाही. फक्त विचारलं, "वर्षभर असंच असतं?"

मी म्हटलं, "वर्षभर."

हे कशासाठी विचारतायत ते तेव्हा मला कळलं नव्हतं, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलंय, डाग दिसेल तुला. परत येताना होडीतच कळलं होतं. काठाला लागेपर्यंत बोलायला भरपूर वेळ होता. मी ऊन किती आहे यावर बोललो.

काचेच्या खोलीत ठिपका हलवला तेव्हा बाई म्हणाल्या, ही जागा एका स्थानिक जाणकाराने दाखवली. सगळ्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे वळून पाहिलं. मोठे साहेब हसून म्हणाले, "वा, काका!" आणि मीही हसलो. मागच्या पत्रात हे गाळलं होतं. अहवालातलं "नदी आता पोहण्याजोगी झाली आहे" हे वाक्यही माझंच आहे. नवी मुलं तसं लिहायला बिचकत होती. मी लिहून दिलं.

मला फार लाज वाटते, ताई. कंपनीने लोकांना शेंडी लावली याची नाही, त्याची तर सवय झालीय. पण जगात आपल्या दोघांचं म्हणून एक काहीतरी होतं, आणि ते मी कोणी मागितलं नसताना, केवळ कोणीतरी दोन शब्द प्रेमाने बोललं म्हणून देऊन टाकलं. आता त्याच पाण्याच्या जोरावर तुझ्या विहिरीतलं पाणी चांगलं ठरतंय. चिमीला त्याने आंघोळ घाला, असं मी सांगायचं बाकी राहिलंय.

ते सांगितलं नाही. आज सकाळी सोन्याला पत्र टाकलं. ते पेटीत टाकून आलो आणि मगच हे लिहायला बसलो. आधी हे लिहिलं असतं तर तुझं ते बुटकं टेबल डोळ्यासमोर आलं असतं, आणि मी पुन्हा "अहवाल छापखान्यात आहे" करत बसलो असतो. त्याला लिहिलंय, येऊ नका. फलकावर काहीही लिहिलेलं असो, आपल्या पायरीवरचं पाणी पूर्वीपेक्षा वाईट आहे. बाटली कुठून भरली, ती जागा कोणी दाखवली, सगळं लिहिलंय. हे पत्र कोणालाही दाखव, असंही लिहिलंय. तो बहुतेक शाळेला नकार कळवेल.

म्हणजे वरची खोली रिकामी राहणार. मला माहीत आहे तू ती रोज झाडतेस. भावोजींच्या माघारी तुला घरात माणसांचा आवाज हवा होता, आणि तो दाराशी आला असताना मी परत पाठवला. तू मला वाटेल ते बोल. मनात ठेवू नकोस.

तुला वाटेल, आता टिल्लू साहेबांच्या टेबलावर हात आपटून उठेल. नाही गं. तेवढं बळ उरलेलं नाही, खोटं कशाला सांगू. एक केलं. छापखान्यातून तपासायला आलेल्या प्रतीत ते वाक्य खोडून "पायरीजवळचं पाणी अद्याप वापरण्याजोगं नाही" असं लिहिलं आणि साहेबांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "काका, थकलायत तुम्ही. चार दिवस रजा घ्या." मी रजा घेतली. काल अहवाल हातात आला. माझं जुनं वाक्य जागच्या जागी आहे. साहेबांचा फोटोही चांगला आलाय.

इकडे राहायला ये, असं लिहिणार होतो. तू येणार नाहीस, आणि आमची लिफ्टही बंद आहे. पण विहिरीचं पाणी तू तरी वापरू नकोस. वरच्या अंगाच्या सार्वजनिक नळावरून भरून आणायला कोणी मिळतंय का बघ. चार हेलपाटे जास्त पडतील. मी सुटीत आहे, चार दिवस येऊन मीच भरून देईन म्हटलं तर तू दार उघडशील का, ते मला माहीत नाही.

बाटलीवाल्यावर राग धरू नकोस. त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, "तुमच्या ताईंच्या समोरून जायची लाज वाटते, म्हणून लांबून होडी घालतो." त्याला हाक मार पुन्हा. तो गरीब सांगितलेलं करतो. चहाला तो मुकला, त्याची काय चूक?

आता शेवटचं. मला पहिल्यांदा खोबणीत उतरवायच्या आधी तू माझा गळा चिमटीत धरला होतास. "म्हण, गळ्याशपथ. कोणाला सांगितलं तर मी ताईचा भाऊ नाही." थंडीने माझे दात वाजत होते, तरी मी पूर्ण म्हटलं होतं. ते तुझ्या लक्षात नसेल, अशी मी आजपर्यंत स्वतःची समजूत घालत आलो. कार्डावर तू सही केली नाहीस तेव्हा कळलं, लक्षात आहे.

म्हणून दर पत्राच्या खाली जे लिहितो ते आज माझ्याने लिहवत नाही. लिहायचं की नाही, ते तू कळव.

तू ठरवशील तो,
टिल्लू